बेगमीची बातमी

‘फूड सस्टेनेबिलिटी’ या शब्दजोडीला मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न मला पडला तो एका पुरस्काराच्या निमित्ताने. इटलीतील पास्ता बनवणाऱ्या बॅरिला या उद्योगाच्या प्रतिष्ठानाने थॉमसन रॉयटर्स फाउंडेशनच्या साहाय्याने २०१७ साली या विषयावरील पत्रकारितेसाठी एक आंतरराष्ट्रीय पुरस्कार सुरू केला. पदवीच्या वर्गाला वृत्तलेखन शिकवताना मी त्याचे निवेदन भाषांतरासाठी दिले होते. बहुतेकांनी ‘अन्नशाश्वतता’ असे लिहून टाकले. एका मुलीने ‘टिकाऊ अन्न’ असे लिहिले आणि वर्ग हसला. कारण टिकाऊ अन्न म्हणजे लोणचे, पापड आणि कुरडया. मला मात्र तिचे भाषांतर इतरांपेक्षा अर्थाच्या जवळ गेलेले वाटले. ‘शाश्वत’ हा शब्द आपल्याकडे आत्म्याच्या चर्चेतून आलेला. अन्नाचा धर्मच मुळी नासण्याचा, संपण्याचा. जे संपते ते पुन्हा कसे येईल, एवढाच तर प्रश्न असतो, आणि तो प्रश्न सोडवण्यासाठी मराठीत एक घरगुती शब्द फार पूर्वीपासून आहे : बेगमी. फारसी ‘बे-गम’, म्हणजे चिंता नसणे, यातून तो आला. वर्षाचे धान्य घरात भरले की घर ‘बेगम’ झाले. कोशकारांनी त्याचा अर्थ साठा, तरतूद असा दिला आहे. पण मुळात ती साठ्याची नव्हे तर मनाची अवस्था आहे, हे मला त्या शब्दाचे खरे मोल वाटते.

आमच्या बुलढाणा जिल्ह्याला अजिंठ्याच्या डोंगररांगेने दोन भागांत विभागले आहे. बोलण्यातही ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असे दोन प्रदेश सहज येतात. मी घाटावरची. माझ्या लहानपणी आमच्या घरी ज्वारीच्या दोन कणग्या होत्या. आई ज्वारी उन्हात वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून त्यांत भरत असे आणि शेवटची पाटी रिकामी झाली की कणगीच्या तोंडाला शेणमाती लिंपताना तिचा चेहरा थोडा सैल होई. त्या आधीच्या पिढीत गावात ज्वारीची पेवे होती. आता आमच्या शेतात सोयाबीन आहे. शेजारी सोयाबीन, त्याच्या शेजारी कापूस, मध्ये तुरीचे एखादे तास. सोयाबीन कोणी घरात भरून ठेवत नाही. ते ठेवले तर भाव वाढेल या आशेने ठेवतात, खाण्यासाठी नव्हे. खाण्याचे धान्य बाहेरून येते. या स्थलांतराची बातमी मी कोणत्याही वर्तमानपत्रात ‘बातमी’ म्हणून वाचल्याचे मला आठवत नाही. अर्थात ती एका दिवसात घडली नाही, आणि जे एका दिवसात घडत नाही ते वर्तमानपत्रात कोणत्या पानावर छापायचे हा प्रश्न पत्रकारितेला आजवर नीट सुटलेला नाही.

अन्नावरच्या पत्रकारितेला पुरस्कार देण्याची कल्पना नवी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा बोर्मा पुरस्कार असा होता. १९६८ ते १९७५ या काळात महासंचालक असलेल्या डच अधिकाऱ्याच्या नावाचा तो पुरस्कार जगाच्या अन्नप्रश्नाकडे लोकांचे लक्ष वेधणाऱ्या पत्रकारांना दर दोन वर्षांनी दिला जात असे. २००१ साली तो पी. साईनाथ यांना मिळाला. त्यांचे ‘एव्हरीबडी लव्ह्ज अ गुड ड्रॉट’ हे १९९६ सालचे पुस्तक मराठीत ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ या नावाने आले आहे आणि आपल्यापैकी अनेकांच्या संग्रही असेल. मात्र एक गोष्ट आपण सहसा लक्षात घेत नाही. ज्या पुस्तकामुळे साईनाथ ‘दुष्काळाचे पत्रकार’ म्हणून ओळखले जाऊ लागले, त्यातील जिल्हे बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश आणि तामिळनाडूचे आहेत. विदर्भ त्यात नाही. विदर्भ त्यांच्या लेखनात ठळकपणे आला तो २००४नंतर, ‘द हिंदू’मधील वृत्तमालांतून, आणि २००७ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा वाचकांच्या मनात विदर्भ हे त्यांच्या नावाला जोडलेले विशेषण होऊन बसले होते.

त्या मधल्या काळातला त्यांनी वारंवार सांगितलेला एक दाखला इथे आठवतो. २००६ साली मुंबईत फॅशन सप्ताह चालू होता आणि त्याचे वृत्तांकन करण्यासाठी ५१२ अधिस्वीकृत पत्रकार हजर होते. प्रदर्शनाचा विषय सुती कापड. त्याच दिवसांत विदर्भात कापूस पिकवणारे शेतकरी जीव देत होते आणि तिथे बाहेरून आलेले पत्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. हा दाखला प्रभावी आहे, त्याबद्दल वाद नाही. पण घाटाखालच्या कापूसपट्ट्यात ज्यांची नोकरी गेली आहे अशा माझ्यासारखीला तो ऐकताना दर वेळी एक शंका चाटून जाते. ‘बाहेरून आलेले’ हे मोजमाप झाले. आतल्यांचे काय? यवतमाळात, अकोल्यात, खामगावात, मेहकरात रोज कोणी ना कोणी त्या मृत्यूंची चार ओळींची बातमी पाठवतच होते. ३० जून २००६ रोजी पंतप्रधान मनमोहनसिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. त्या सहांत बुलढाणा होता. पंतप्रधानांना इथवर आणणाऱ्या दबावात त्या चार ओळींच्या बातम्यांचा वाटा किती, हे कोणी मोजलेले नाही. मोजताही येणार नाही, कारण त्यांवर नाव नव्हते.

तालुक्याच्या बातमीवर नाव नसते. तिथे ‘तालुका प्रतिनिधी’ असते, ‘वार्ताहर’ असते किंवा नुसते गावाचे नाव असते. साहित्याच्या विद्यार्थ्यांना लेखकाच्या मृत्यूचे सिद्धान्त परीक्षेपुरते पाठ असतात. इथे लेखक जन्मालाच येत नाही. शेगाव, संग्रामपूर, नांदुरा ही गावेच बातमी लिहितात. एका अर्थाने हे सुंदर आहे, लोकसाहित्यासारखे. पण लोकगीत म्हणणाऱ्या बाईला जाहिराती गोळा करण्याचे उद्दिष्ट दिलेले नसते. तालुक्याच्या वार्ताहराला ते असते. दिवाळी अंकाच्या, वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी तो ज्या कृषी सेवा केंद्राच्या दारात जाहिरातीसाठी उभा राहतो, त्याच केंद्राच्या बोगस बियाण्याची बातमी त्याने जून महिन्यात लिहावी अशी आपली अपेक्षा असते. या पेचाची दखल कोणत्याही पुरस्काराच्या नियमावलीत नाही. साईनाथांनी २०२१ साली आंध्र प्रदेश सरकारचा जीवनगौरव पुरस्कार नाकारला. ज्या सरकारांविषयी आपण लिहितो त्यांच्याकडून पत्रकाराने पुरस्कार घेऊ नये, ही त्यांची भूमिका. ती मला पूर्णपणे मान्य आहे, आणि अन्न विकणाऱ्या उद्योगाने अन्नाच्या भवितव्यावरील पत्रकारितेला दिलेल्या पुरस्काराकडेही त्याच नजरेने पाहायला हवे. परंतु ही नजर परवडण्यासाठी आधी आपल्याकडे नाकारण्याजोगे काहीतरी चालून यावे लागते.

आपल्या भाषेत ही परंपरा पुरस्कारापासून नव्हे, नकारापासून सुरू होते. महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिले. शेतकऱ्याच्या घरात काय शिजते, जमिनीचा कस का उतरला, पाणी कुठे अडवावे, शेतसाऱ्याचा पैसा कुठे जातो या सगळ्याची सांगड त्या ग्रंथात आहे. आजच्या भाषेत तो अन्नव्यवस्थेचा वृत्तान्तच. ‘दीनबंधू’ने त्याची पहिली दोन प्रकरणे छापली आणि पुढची छापली नाहीत. ‘दीनबंधू’ हे काही शत्रूचे पत्र नव्हते, सत्यशोधक चळवळीचेच होते. मित्राच्या पत्रालाही जी जागा देणे जड गेले ती बातमी, अशी अन्नावरच्या पत्रकारितेची व्याख्या करायला हरकत नसावी. पुढे १८९६च्या दुष्काळात ‘केसरी’ने दुष्काळ संहितेत रयतेला काय हक्क दिले आहेत ते मराठीत सांगितले. तिथे बातमी म्हणजे माहिती आणि माहिती म्हणजे हत्यार, असा सरळ व्यवहार होता. फुल्यांनी ज्या बळीराजाला इतक्या ताकदीने उभे केले, तो आज आपल्या मथळ्यांत कोणत्या अवस्थेत सापडतो? ‘बळीराजा हवालदिल’, ‘बळीराजा सुखावला’, ‘अवकाळीचा बळीराजाला फटका’, ‘बळीराजाच्या डोळ्यांत पाणी’. पाऊस न आला की तो हवालदिल होतो, आला की सुखावतो, जास्त आला की त्याला फटका बसतो. एका प्रतीकाचे इतके निर्जीव भरताड दुसऱ्या कोणत्या भाषेने केले असेल, मला ठाऊक नाही. वर्गात मी मुलांना हा शब्द न वापरता शेतीची बातमी लिहायला सांगते. निम्म्यांचे पहिले वाक्यच अडते. ते अडले की मग ती विचारू लागतात : कोणाचे शेत, किती एकर, कोणते बियाणे, पेरणी कधीची?

आमच्या जिल्ह्याने अन्नाचा प्रश्न मांडून मोठा पुरस्कार मिळवलेलाच नाही असेही नाही. अमडापूरच्या सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ला २००४ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एकनाथ शिकतो, पदव्या घेतो, नोकरीसाठी पैसे नसतात म्हणून शेतात उभा राहतो आणि शेतही त्याला उभे राहू देत नाही. या कादंबरीचे मोठेपण तिच्यातील आत्मनाशाच्या चित्रणात शोधले गेले. मला ते बियाणे, खते, उसनवारी, बाजार यांच्या बारीक हिशेबांत अधिक दिसते. कादंबरीकाराला एक सवलत असते : तो बारा महिने एका घरात राहू शकतो. पत्रकाराला ती नसते. त्याला त्या घरात एक दुपार मिळते, तीही तिथे कोणी मेले असेल तर. आणि तरीही काही कामे अशी आहेत जी कादंबरीने होत नाहीत, वर्तमानपत्रानेच व्हावी लागतात. २०२५च्या जानेवारीत घाटाखाली जे घडले ते अशांपैकी एक.

६ जानेवारी हा ‘दर्पण’चा दिवस. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी ते पत्र काढले म्हणून महाराष्ट्रात तो पत्रकार दिन म्हणून साजरा होतो. जिल्ह्याजिल्ह्यांत शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह. २०२५ साली ते सोहळे पार पडले त्याच आठवड्यात शेगाव तालुक्यातील काही गावांची नावे देशभरच्या वाहिन्यांवर झळकू लागली. बोंडगाव, कालवड, हिंगणा. माणसांचे केस गळत होते. आधी खाज, मग केस ओढले की हातात, आणि काही दिवसांत डोके उघडे. डिसेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीच्या २१ तारखेपर्यंत १८ गावांतील २७९ लोकांना हा त्रास झाल्याची नोंद पुढे प्रसिद्ध झाली. मराठी वाहिन्यांनी त्याला ‘टक्कल व्हायरस’ असे नाव दिले. विषाणूचा कोणताही पुरावा नसताना दिलेले हे नाव सर्वांत आधी पसरले आणि सर्वांत उशिरा गेले. मुली शाळेत जाईनात, ठरलेली लग्ने अडली, गावांची नावे सांगायला लोक कचरू लागले. बातमीने रोगाहून अधिक वेगाने माणसे वाळीत टाकली, असे म्हटले तर ते फार होणार नाही.

पहिला संशय पाण्यावर गेला आणि तो रास्तच होता. पूर्णेच्या खोऱ्यातील हा खारपाण पट्टा. इथले भूजल खारे, मूत्रपिंडाच्या विकारांच्या बातम्या संग्रामपूर-जळगाव जामोदकडून वर्षानुवर्षे येतात. तपासणीत पाण्यात क्षार आणि नायट्रेट जास्त आढळले आणि अनेकांपुरता प्रश्न मिटला. मग बुरशीची चर्चा झाली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची पथके आली. आणि मग महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर पुढे आले. विंचूदंशावरील संशोधनासाठी जगभर माहीत असलेले हे डॉक्टर मराठी वाचकांना ‘बॅरिस्टरचं कार्टं’ या आत्मकथनामुळेही परिचित आहेत. त्यांनी गावांत जाऊन रक्ताचे, लघवीचे, केसांचे आणि शिवाय धान्याचे नमुने तपासून घेतले. फेब्रुवारीत त्यांचे निष्कर्ष आले : बाधितांच्या रक्तात सेलेनियम ३५ पट, लघवीत ६० पट, केसांत १५० पट; जस्त मात्र कमी. बोट रेशनच्या गव्हाकडे वळले, आणि तो गहू पंजाबकडून आलेला असल्याचे सांगितले गेले. पंजाबात होशियारपूर आणि नवांशहर या भागांत शिवालिकच्या पायथ्याशी सेलेनियमयुक्त जमिनी आहेत, हे तिथल्या कृषी विद्यापीठाच्या संशोधकांनी कित्येक वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. जमीन तिकडची, डोके इकडचे.

इथे वर्तमानपत्रे पुन्हा एकदा उघडून पाहण्यासारखी आहेत. काही बातम्यांत या गव्हातील सेलेनियम स्थानिक गव्हाच्या ६०० पट असल्याचे छापले. काहींत किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम आणि सामान्य प्रमाण १.९ मिलिग्रॅम असे आकडे आले. दुसऱ्या हिशेबाने हे प्रमाण साडेसात पटींच्या आसपास जाते. कदाचित दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असतील, तुलनेचा आधार वेगळा असेल. पण सहाशे आणि साडेसात यांच्यामध्ये जे अंतर आहे ते ओलांडून कोणी डॉक्टरांना वा प्रयोगशाळेला विचारले, त्याचे उत्तर छापले, असे मला वाचनात आढळले नाही. वाहिन्यांच्या गाड्या तोवर परतल्या होत्या. केस परत येऊ लागले होते. आणि केस परत आले की बातमी संपते.

वास्तविक बातमी तिथे सुरू व्हायला हवी होती. कापूस-सोयाबीन पिकवणारे गाव पंजाबच्या गव्हावर का जगते? ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या या पट्ट्यात गव्हाची पोळी रोजची कधी झाली, का झाली? २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिना पाच किलो धान्य दिले आणि उपासमारीला मोठा आळा घातला. हे मी उपरोधाने म्हणत नाही. पण बेगमी घरातून गोदामात गेली, आणि गोदामातल्या धान्यावर ना खाणाऱ्याचा ताबा, ना नजर. त्याहून कमी चर्चा झालेली गोष्ट पुढची आहे. आत्महत्याग्रस्त म्हणून गणलेल्या चौदा जिल्ह्यांत, बुलढाणा त्यांतला, केशरी कार्डाच्या शेतकरी कुटुंबांना २०१५पासून सवलतीचे धान्य मिळत असे. २०२३पासून त्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये बँक खात्यात देण्याचे ठरले. धान्याचे पैसे झाले. हा बदल चांगला की वाईट यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल, पण मुळात बोलले गेले का? साहित्याच्या भाषेत सांगायचे तर इथे ‘अन्न’ या शब्दाचा वाच्यार्थच बदलला आणि टीकाकारांच्या ते ध्यानातही आले नाही.

हे सारे मनात घोळत असतानाच एका जिल्हापातळीवरील पुरस्काराच्या निवड समितीवर माझे नाव घातले गेले. संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही. अशा संस्था सर्वत्र आहेत आणि त्या नसत्या तर तालुक्याच्या वार्ताहराला आयुष्यात एकदाही कोणी शाल घातली नसती. विषय होता ‘शेती आणि शाश्वत विकास’. शाश्वत शब्दाने माझा पिच्छा सोडला नव्हता. समितीत तिघे : एक निवृत्त संपादक, एक कृषी अधिकारी आणि मी. प्रवेशिकांत अपेक्षेप्रमाणे यशोगाथा अधिक होत्या. ड्रॅगन फ्रूट, रेशीम, शेततळे, शेवगा. एकाच शेतकऱ्याच्या एकाच बांधावरील तीन वार्ताहरांनी काढलेली तीन छायाचित्रे. मी यशोगाथांच्या विरोधात नाही. माणसाला आपल्यासारखा कोणी तरला हे वाचायला हवेच असते. पण यशोगाथेत खर्चाचा रकाना फार क्वचित असतो, आणि दोन वर्षांनी त्या बांधावर पुन्हा जाणारा वार्ताहर मी तरी पाहिलेला नाही.

एक प्रवेशिका वेगळी होती. घाटाखालच्या एका वार्ताहराने, हा योगायोगाने माझा जुना विद्यार्थी आणि ते मी समितीला आधीच सांगितले, लेख पाठवलाच नव्हता. त्याने एक फाइल पाठवली होती. सव्वीस कात्रणे. सर्वांत मोठे दीड कॉलमचे, सर्वांत लहान पाच ओळींचे. रेशन दुकानात तीन महिने ज्वारी आलीच नाही. गव्हाच्या कट्ट्यात खडे. टँकर फक्त दोन खेपा. सोयाबीनचा भाव हमीभावाखाली. अमुक गावात दहा जणांचे केस गळाले, आरोग्य पथक उद्या येणार. पथक आले. पथकाचा अहवाल प्रतीक्षेत. अहवाल अजून प्रतीक्षेत. एकाही कात्रणावर त्याचे नाव नव्हते; प्रत्येकावर गाव आणि ‘वार्ताहर’. या बातम्या आपणच पाठवल्या याचा पुरावा म्हणून त्याने प्रत्येक कात्रणाला आपल्या मोबाइलवरील पाठवल्याची वेळ जोडली होती.

निवृत्त संपादकांनी ती फाइल काळजीपूर्वक वाचली. ते हाडाचे पत्रकार, त्यांच्याविषयी मला आदर आहे. ते म्हणाले, “मॅडम, ही फाइल उत्तम आहे, पण हा कच्चा माल आहे. पुरस्कार संहितेला द्यावा लागतो. यातून त्याने एक लेख लिहिला असता तर मी आज डोळे मिटून सही केली असती.” मी म्हटले की दिवाळी अंकातील लेख लिहायला त्याला दिवाळी मिळते का, हा प्रश्न आहे, आणि लेख ही संहिता असेल तर दैनंदिनी का नाही, बखर का नाही? साहित्याचा इतिहास आपण पत्रे, हिशेबाच्या वह्या, शकावल्या यांतून उभा केला. शकावली ही मराठी गद्याची आद्य रूपे मानतो आणि सव्वीस कात्रणांची शकावली समोर आली की तिला कच्चा माल म्हणतो. कृषी अधिकारी हसले. त्यांचा आक्षेप वेगळा आणि अधिक अवघड होता. “यातल्या निम्म्या बातम्यांचा परिणाम काय झाला?” नियमावलीत ‘परिणाम’ असा रकाना होताच, दहा गुणांचा. परिणाम म्हणजे बातमीनंतर अधिकारी निलंबित होणे, रस्ता होणे, मदत जाहीर होणे. अहवाल प्रतीक्षेत आहे हे सतत सांगत राहणे, याचा परिणाम दहापैकी किती? फुल्यांच्या ग्रंथाला त्या रकान्यात त्या वर्षी काय गुण मिळाले असते, असे मी विचारले. ते दोघांनाही जरा नाटकी वाटले असावे.

पुरस्कार शेवग्याच्या यशोगाथेला गेला. ती चांगली लिहिलेली होती. निदान तिच्यात रोपाची किंमत दिलेली होती. फाइलला उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळाले. माझे भिन्न मत कार्यवृत्तात नोंदवून घ्यावे असा आग्रह मी धरला आणि ते नोंदवले गेले. परिणामाचा रकाना पुढील वर्षी काढावा आणि त्याऐवजी ‘पाठपुरावा’ असा रकाना घालावा, अशी लेखी सूचना मी दिली आहे. निर्णय अजून प्रतीक्षेत आहे.

सोहळ्याच्या दिवशी तो वार्ताहर उशिरा आला, कारण बाजार समितीत तुरीची आवक होती. प्रमाणपत्र त्याने नीट घडी न घालता, वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवले. त्याच्याशी बोलताना मी त्या दोन आकड्यांचा विषय काढला, सहाशे आणि साडेसात. त्याने ते पाहिले होते. “मॅडम, मी विचारलं होतं. आमच्याले कोण सांगते? म्हणे, मोठ्या पेपरवाल्याले सांगितलं हाय.” त्याने मग दुसराच मार्ग धरला होता. धान्याच्या कट्ट्यावर खरेदीचा हंगाम आणि राज्य छापलेले असते. तालुक्यातल्या ज्या ज्या दुकानात माल उतरतो तिथे जाऊन तो दर महिन्याला त्या छाप्याचा फोटो काढतो. गहू कोणत्या राज्याचा, कोणत्या हंगामाचा, कोणत्या गावात गेला. त्याच्याजवळ चौदा महिन्यांचे फोटो आहेत. त्याचे काय करायचे हे त्याला ठाऊक नाही. बातमी होत नाही, कारण काही घडलेले नाही. काही दुकानदार आता त्याला पाहून कट्टे पालथे घालतात.

मी त्याला म्हटले, यादी करून दे, माझ्या वर्गातली मुले तक्त्यात भरतील. परवा पहिली चाळीस छायाचित्रे आली. बऱ्याचशा कट्ट्यांवरची शाई पुसट आहे, तारखा अर्ध्या उरल्या आहेत. हस्तलिखितांच्या पाठनिश्चितीचा जो अभ्यासक्रम आम्ही एम.ए.ला शिकवतो त्याचा कधी उपयोग होईल असे मुलांना वाटले नव्हते. सध्या दोघी जणी भिंग घेऊन एका कट्ट्यावरचा आकडा ३ आहे की ८ यावर भांडत आहेत.